नऊ आणि एक मास्तर

"समजलं ना सगळ्यांना?"

चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज, पण काकीच्या कानात तो अजून जागा अडवून बसलेला होता. शाळेतल्या बाईंचा आवाज. गोड, घाईतला, खडूच्या धुरळ्यातून गाळून आलेला. प्रश्न विचारता विचारताच बाई फळा पुसायला घ्यायच्या, म्हणजे उत्तर काय द्यायचं ते ठरलेलंच असायचं. सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ बाई" म्हणायचा आणि त्यात सगळ्यात वरचा सूर काकीचा असायचा. ज्याला समजलेलं नसतं त्याला 'हो' फार मोठ्यानं म्हणावं लागतं, एवढं एक गणित तिला त्या वयातच पक्कं समजलं होतं.

तेव्हा ती काकी नव्हती, दोन वेण्यांची एक चिमुरडी होती. काकी ती मागाहून झाली. आधी पुतण्यांची, मग शेजारपाजाऱ्यांची, मग अख्ख्या शिवणघराची. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला इस्त्रीवालासुद्धा तिला काकीच म्हणायचा आणि तीही "काय रे बाळा" म्हणून त्याची फिरकी घ्यायची.

शिवणघर म्हणजे एक लांबोळकी खोली. दोन्ही भिंतींना मिळून अकरा मशीन, मध्ये चालायला बोळ, आणि बोळाच्या टोकाला ते टेबल. बेतायचं टेबल. पुरुषभर लांब, कडा हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. त्याच्या खणात मोठी कात्री झोपलेली असायची आणि तिला हात लावायचा हक्क एकट्या कात्रीदादांचा. दादा कापड पसरायचे, खडूनं चार रेघा ओढायचे आणि कात्री अशी चालवायचे की वाटावं, कापड आपण होऊन बाजूला सरकतंय. हॉटेलांचे पडदे, दवाखान्यांच्या चादरी, बैठकीच्या उश्यांच्या खोळी, सगळं त्या टेबलावरून जन्माला यायचं.

दादांचा हात आता थरथरायला लागला होता. दोन महिन्यांनी ते घरी बसणार होते. मालकीणबाईंनी काकीला बोलावून सांगितलं, "टेबल तुमचंच, काकी. दादांचं बघून बघून बेतणं तुमच्याइतकं कुणाला येतं? पण हल्ली मोठी कामं घ्यायची तर कागद लागतो. कारागिरांची परीक्षा द्या. शिवणाचा पेपर तुम्ही हसत हसत द्याल. गणिताचं मात्र बघा."

हसू तिथंच मावळलं.

काकीला ते टेबल हवं होतं. एकवीस वर्षं ती तिसऱ्या मशीनवर बसून त्या टेबलाकडे बघत आली होती. दुसऱ्यानं बेतलेलं शिवायचं आणि आपण बेतलेलं दुसऱ्यानं शिवायचं, यांत काय अंतर असतं ते मशीनवर बसल्याशिवाय कळत नाही. आणि परीक्षेला बसायचं तर फॉर्मवर शिकवणाऱ्याची सही हवी होती: 'उमेदवाराची तयारी झाली आहे.' सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर टेबल नाही.

शिकवणारा दुसरा कुणी असता तर त्याच्या डोक्यावर बसून काकीनं सही घेतली असती. पण या परीक्षेच्या तयारीचा संध्याकाळचा वर्ग चालवायचा तिचा जावई.

पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवणारा, सरळ भांग पाडणारा, चप्पलसुद्धा काटकोनात काढून ठेवणारा माणूस. शिवणघरातले सगळे त्याला पाठीमागे 'मास्तर' म्हणायचे. शाळा सुटली की सहा वाजता शाळेतल्याच एका खोलीत हा वर्ग भरायचा. बाकं लहान पोरांची होती. त्यांत गुडघे मावायचे नाहीत, म्हणून काकी आडवी बसायची, शिवणघरातली काज-बटणं करणारी बटणवाली एक पाय बाहेर ठेवायची आणि इस्त्रीवाला सरळ बाकावरच चढून बसायचा.

अडचण नात्याची होती. सासूबाई चुकल्या तर जावयानं "चुकलं" कसं म्हणायचं? आणि जावईबापूंनी शिकवलेलं समजलं नाही, असं सासूनं चारचौघांत कसं म्हणायचं? दोघंही एकमेकांचा एवढा मान ठेवत होते की त्या दोघांच्या मध्ये गणिताला उभं राहायला जागाच उरली नव्हती.

त्या दिवशी जावयानं फळ्यावर उदाहरण घातलं. सात मीटर कापड आहे, एका खोळीला पाऊण मीटर लागतं, तर किती खोळी होतील?

त्याचा खडू थांबायच्या आत काकीनं मनात कापड पसरलं, खोळी मांडल्या, नऊ बसल्या आणि पाव मीटरची पट्टी उरली. तिनं वहीत लिहिलं: नऊ आणि पाव.

जावई सांगत होता, "इथं सातला भागायचं आहे तीन छेद चारनं. अपूर्णांकानं भागताना काय करायचं? तो उलटा करायचा आणि गुणायचं. छेद वर, अंश खाली. सात गुणिले चार, अठ्ठावीस. भागिले तीन. नऊ पूर्णांक एक तृतीयांश. समजलं ना सगळ्यांना?"

"होऽऽ सर!" काकीचा सूर सगळ्यात वर.

पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. भागायचं म्हणजे वाटून द्यायचं, वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. मग सात भागले आणि नऊ झाले कसे? आणि पाव उरलेला असताना तृतीयांश आला कुठून?

सराव परीक्षेचा पेपर हातात आला तेव्हा तसली तिन्ही उदाहरणं गेलेली होती. सासूबाईंच्या पेपरावर लाल फुली मारायचा धीर जावयाला झाला नव्हता. फुलीच्या जागी त्यानं एकेक बारीक टिंब दिलं होतं, कुंकवाच्या काडीनं द्यावं तसं, आणि शेजारी लिहिलं होतं, 'पुन्हा पाहावे ही विनंती.'

वर्ग सुटल्यावर काकी रेंगाळली. "जावईबापू, पट्टी पाव मीटरचीच उरते हो."

"हो आई, बरोबर आहे. पाव मीटरचीच."

"मग उत्तर खोटं?"

"नाही, उत्तरही बरोबर आहे."

"मग माझं?"

जावयानं डस्टर उचलला, उगाच झटकला. "तुमचं... तसं जवळपास आहे. तुम्ही एवढा विचारच नका ना करू. उलटं करून गुणा, आपोआप येतं. समजलं ना?"

"हो हो. समजलं की."

डस्टर उचलला तसा त्याच्याखालचा तिचा फॉर्म टेबलावर दिसला. सहीची जागा कोरी. काकीनं तिकडे बघितलं, जावयानंही बघितलं, आणि दोघांनी मिळून हवेबद्दल चार वाक्यं बोलून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन. "आई, तुझ्या फॉर्मपायी ह्यांना घास गोड लागेना झालाय. तू नापास झालीस तर लोक म्हणतील, जावयानं सासूला बुडवलं. सही करून सोडून दिलं तर म्हणतील, सासू म्हणून सोडलं. तुला काही अडत असेल तर विचार ना त्यांना सरळ."

"मला काय अडतंय? सगळं समजतं मला."

"आई," लेक म्हणाली, "तू एवढ्या मोठ्यानं बोललीस ना की मला भीती वाटते."

त्याच आठवड्यात कापडानंच तोंड उघडलं.

एका दवाखान्याच्या बैठकीतल्या अठ्ठावीस खुर्च्यांच्या खोळी करायच्या होत्या. हिरवं, जाडसर कापड, सात सात मीटरचे तीन तागे. दादा म्हणाले, "काकी, आज तू बेत. सवय कर." आणि खणातून काढून त्यांनी कात्री तिच्या पुढ्यात ठेवली. शिवणघरातली अकराच्या अकरा मशीन एकदम थांबली, जणू कुणी वीजच तोडली.

काकीनं पहिला तागा पसरला. नऊ खोळी, एक पट्टी. दुसरा. नऊ खोळी, एक पट्टी. तिसऱ्याला हात घालायच्या आधी ती थबकली. फळ्यावरचं गणित आता तिच्या हातात येऊन बसलं होतं. एका ताग्यात नऊ आणि पाव. तीन ताग्यांत सत्तावीस आणि तीन पाव, म्हणजे सत्तावीस आणि पाऊण.

"दादा," ती घाबरून म्हणाली, "कापड कमी पडतंय. अठ्ठाविसावी खोळ होतेय, पण पाऊणच. पाव खोळ तोकडी पडेल. बाईंना सांगा, थोडं मागवा."

दादांनी चष्मा कपाळावर ढकलला. बटणवाली तोंडात धरलेला दोरा थुंकून खो खो हसत सुटली आणि म्हणाली,

"अगं काकी, काय झालंय तुला? पाव पाव मीटरच्या तीन पट्ट्या म्हणजे किती?"

"पाऊण मीटर."

"आणि खोळीला किती लागतं?"

"पाऊण मीटर."

"मग तोकडं काय पडतंय, कापड की तुझं डोकं?"

इस्त्रीवाला इस्त्री आपटून हसला. काकी हसली नाही. तिनं तिसराही तागा कापून काढला, नऊ खोळी बाजूला ठेवल्या आणि तिन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी लावल्या. त्यांच्यावर एक बेतलेली खोळ ठेवली. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. पुरी. कुठं टीचभरही कमी नाही.

एकवीस वर्षं ज्या हातांनी हजारो खोळी शिवल्या होत्या, त्या हातांना ती आज विचारत होती, की बाबांनो, तुम्हाला माहीत होतं तर मला का नाही सांगितलंत?

"ही पट्टी," ती हळूच म्हणाली, "मीटरचा पाव आहे. पण खोळीचा पाव नाही. खोळीच्या अशा तीन होतात."

"हो. मग?" बटणवाली म्हणाली.

"मग मी हिला पावच का म्हणत होते?"

"दुसरं काय म्हणणार? नावच ते आहे तिचं."

काकी स्टुलावर बसली. खरंच, दुसरं नावच नव्हतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, सगळी कशी जिभेवर खेळलेली पोरं. हाक मारायचा अवकाश, धावत येतात. तिघांत वाटलेल्या एका वाट्याला मात्र हाक मारायला नाव नाही. 'एक तृतीयांश' होतं, पण ते शाळेतलं. कडक कॉलरचं, घरी कधी न येणारं. नाव नाही म्हणून ती पट्टी नुसती 'उरलेली' होती. उरलेल्याला कोण मोजतं? ते गोणीत जातं.

"हिचं बारसं करू या," बटणवाली डोळे मिचकावून म्हणाली. "पाव म्हणावं तर खोळ रुसते, अर्धी म्हणावं तर टेप रुसतो."

"मास्तर म्हणा," इस्त्रीवाला म्हणाला. "तेही आपल्या वर्गात धड कुठं बसत नाहीत, सगळ्यांचं झालं की एकटे उरतात."

"अरे, जावई आहेत माझे!" काकी दटावायला गेली, पण दटावता दटावताच तिला हसू फुटलं, आणि एकदा काकी हसली म्हणजे ठराव मंजूर.

त्या दिवसापासून शिवणघरात मास्तरांना भलतीच मागणी आली. "दोन मास्तर इकडे टाक गं." "मास्तराची कड उसवलीय, जरा टीप मार." "हा मास्तर फार चुरगळलाय, इस्त्री फिरव." मालकीणबाई एकदा दारातून आत आल्या आणि "मास्तराला उभा चिरू की आडवा?" हे ऐकून तशाच परत गेल्या.

पण नाव मिळाल्यावर ती पट्टी उरलेली राहिली नाही. ती मोजता यायला लागली. काकी मशीनच्या ठेक्यावर पुटपुटायची, पायाखाली पट्टा फिरायचा आणि तोंडात ओळी जुळायच्या:

एका मीटरात बाई, मास्तर बसले चार,
तिघांनी खोळ केली, चौथा उभा दारात गं, चौथा उभा दारात.

आणि असंच एकदा गुणगुणताना तिचा पाय मशीनवरच थांबला.

एका मीटरात चार. मग सात मीटरांत? सात चोक अठ्ठावीस. अठ्ठावीस मास्तर. तीन मास्तरांची एक खोळ. तिनातिनाचे गट करत जा. नऊ खोळी आणि एक मास्तर.

सात गुणिले चार. भागिले तीन.

अगबाई. चार म्हणूनच वर गेला होता आणि तीन म्हणूनच खाली आला होता! उलटं असं कुणी काही केलंच नव्हतं. आधी सगळं कापड मास्तरांत मोजायचं, मग त्यांच्या खोळी करायच्या. आणि सातातून नऊ निघाले यात नवल कसलं? इथं कुणाला काही वाटायचंच नव्हतं. सात मीटरांत खोळी किती बसतात, एवढंच तर विचारलं होतं. खोळ मीटरपेक्षा लहान, मग जास्त नाही का बसणार? 'भागा' म्हटलं की तिचं डोकं वाटायला निघायचं. 'बसतात किती' म्हटलं असतं तर तिनं फळ्याकडे न बघता सांगितलं असतं.

काकीनं त्या तीन पट्ट्या जोडून अठ्ठाविसावी खोळ शिवली. दोन जोडांत दोन बोटं कापड गेलं, तेवढी तिनं कड कमी दुमडली. मग आत उशी कोंबली आणि दवाखान्याला द्यायच्या आधी, एका संध्याकाळपुरती, ती वर्गात नेऊन जावयाच्या लाकडी खुर्चीवर ठेवली.

"अरे वा," जावई टेकत म्हणाला. "हे कशाला, आई?"

"बसा हो. कशी आहे? कुठं पाव-बिव कमी वाटते का?"

"छे, छान भरलीय."

"पुरी आहे ना?"

"अगदी पुरी."

"मग उठा."

जावई उठला. काकीनं उशी उलटी केली. पाठीवर दोन जोड, तीन पट्ट्या. मागून बटणवालीच्या तोंडून निसटलं, "सर, तुम्ही तीन मास्तरांवर बसला होतात."

"कशावर?"

वर्गात हशा फुटला. इस्त्रीवाला बाकावरून पडता पडता राहिला. जावयाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. काकी पुढं झाली. "रागावू नका, जावईबापू. पट्टीचं नाव आहे ते. मीटरचा पाव म्हणून आम्ही तिला खोळीचाही पाव समजत होतो. नाव बदललं आणि चूक दिसली." तिनं हात पुढं केला. "जरा खडू देता?"

चाळीस वर्षांनी काकी फळ्यापुढं उभी राहिली. बेतायच्या टेबलावर ओढते तशा तिनं सरळ रेघा ओढल्या. सात मीटर. प्रत्येकात चार मास्तर. मग तिनातिनांभोवती कुंपण घालत गेली. एक खोळ, दोन खोळी... नऊ. शेवटी एकटा मास्तर दारात उभा. तिनं शेजारी लिहिलं: सात गुणिले चार, भागिले तीन. हाताचा खडू पदराला पुसला आणि वळली. तोंडातून आपोआप, अगदी त्याच गोड घाईच्या सुरात, बाहेर पडलं:

"समजलं ना सगळ्यांना?"

"होऽऽ काकी!"

सगळ्यांचे आवाज एका उंचीवर होते. एकच त्यांच्या वर होता, खणखणीत, मान हलवत आलेला. जावयाचा.

काकीनं तो ओळखला. तो सूर तिनं जन्मभर लावला होता.

जावयानं घाईघाईनं डस्टर बाजूला केला, फॉर्म पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं. "फारच छान, आई. आता काही प्रश्नच नाही. मी सहीच करतो."

पेन कागदाला टेकायच्या आत काकीनं सहीच्या जागेवर आपला तळहात ठेवला. खडूनं पांढरा झालेला, बोटांना सुईची भोकं पडलेला. ज्या सहीसाठी ती महिनाभर डस्टरखाली डोकावत होती, ती तिनं स्वतःच झाकली.

"सही राहू द्या," ती म्हणाली. आवाज एवढा खाली की तो फक्त त्याच्यापुरता होता. "आधी मी सांगते. या वर्गात मी आजवर जेवढे 'हो' म्हणाले ना, त्यांतला निम्म्याहून जास्त माल खोटा होता. अगदी लहानपणापासूनचा साठा आहे माझ्याकडे. तेव्हा मला फसवायला जाऊ नका. जावईबापू, समजलं का?"

बटणवालीनं बाहेर काढलेला पाय आत घेतला. जावयानं फळ्याकडे बघितलं, मग उशीकडे, मग पेनाचं टोपण पुन्हा लावलं. तो हळूच खाली आला, पहिल्या बाकावर, लहान पोराच्या जागेत, गुडघे आडवे करून बसला.

"नाही, आई," तो म्हणाला. "उलटं का करायचं, ते मला कधीच समजलं नव्हतं. मला तसंच सांगितलं होतं, मी तसंच सांगत आलो, आणि पोरांनी विचारू नये म्हणून 'समजलं ना' म्हणता म्हणता फळा पुसत आलो. पुसू नका तेवढा. त्या चार मास्तरांपासून पुन्हा एकदा सांगा, जरा हळू."